पोट दिसायच्या आधीपासूनचे फोटो

आमच्याकडं मॅटर्निटी शूटचा फोन येतो तो कायम एकाच टायमाला. सातवा संपलेला असतो, डोहाळजेवण झालेलं असतं नाहीतर येत्या रविवारी असतं, आणि पलीकडून पहिला प्रश्न, "ताई, तो लांब घोळाचा गाऊन आहे ना तुमच्याकडं? मागं उडतो तसला?" आहे. मरून आहे, बॉटल ग्रीन आहे, एक पांढरा नेटचा पण आहे जो सगळ्यांनाच पाहिजे असतो आणि हरिपूरच्या संगमावरची माती त्याला लागली की धुता धुता माझा जीव जातो. मी सांगलीत लग्नाचे, बारशाचे, फॅमिलीचे फोटो काढते, या शूटवर माझं घर चालतं, त्यामुळं मी त्याला नावं ठेवणार नाहीये. नटायची हौस असते, एवढं सगळं अंगावर काढल्यावर एक दिवस राणीसारखं मिरवावंसं वाटतं, त्यात काय चुकीचं आहे.

पण माझं म्हणणं एवढंच आहे की नऊ महिन्यांतला एकच दिवस आपण धरतो, आणि तोही नेमका असा की ज्या दिवशी पार्लरवाली घरी येऊन गेलेली असते. उलट्यांचे महिने कुठं गेले? पाचव्यात जरा तरतरी येते, गालावर रंग चढतो, ते कुठं गेलं? शेवटच्या पंधरवड्यात कुशीवर वळायचं म्हटलं तरी नवऱ्याला हाक मारावी लागते, ते? यातलं काहीच कुणाच्या अल्बममध्ये नाही. म्हणून मी आता येईल तिला सांगते, आठव्यात नाही, तिसऱ्यात चालू करा. पोट दिसत नसलं तरी. गाऊन नको, नदी नको, घरातली एक भिंत आणि एक खिडकी बास.

आता कुणी म्हणेल की हे सगळं परदेशी फॅड. अजिबात नाही हो. आपल्या आयांचे डोहाळजेवणाचे फोटो काढून बघा. हिरवी साडी, हिरवा चुडा, अंगभर फुलांचे दागिने, मागं पुठ्ठ्याचा चंद्र आणि त्याला चिकटवलेला चांदीचा कागद. कुणाकडं झोपाळा, कुणाकडं होडी. बागेतलं, नावेतलं, चांदण्यातलं असे प्रकारच होते की, आत्ताच्या भाषेत ते थीम शूटच झालं. माझ्या आईचा असा एक फोटो आहे, गावातल्या स्टुडिओवाल्या काकांनी काढलेला, फ्लॅश त्या चांदीच्या कागदावर आपटून अर्धा चंद्र पांढराफेक झालाय आणि आई कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला बघतीय कारण तिची आत्या तिला पदर नीट घे म्हणून दटावत होती. मला तो फोटो फार आवडतो आणि तो आवडतो त्या दटावण्यामुळंच. पण त्या अख्ख्या गरोदरपणातला तेवढा एकच. दुसरा आहे तो मामाच्या लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आई मुद्दाम मागच्या रांगेत, पुढं दोन पोरं उभी केलेली, पोट दिसू नये म्हणून. त्या काळातले अल्बम चाळले तर घरोघरी हेच दिसेल, गरोदर बाई एकतर मखरात नाहीतर मागच्या रांगेत.

आणि तिकडं तरी काय वेगळं होतं. 1991 च्या ऑगस्टमध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाच्या कव्हरवर हॉलिवूडची नटी डेमी मूर हिचा फोटो आला, अ‍ॅनी लीबोविट्झनं काढलेला, सात महिन्यांची गरोदर आणि अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही. अमेरिकेत एवढा गोंधळ झाला की काही दुकानांनी तो अंक ठेवलाच नाही, काही ठिकाणी कागदात गुंडाळून विकला. अंग बाजूला वळवलेलं, एक हात छातीवर, एक हात पोटाखाली. आज माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणी मोबाईलमधून जे स्क्रीनशॉट दाखवतात त्यातली हातांची पोज तिथून आलेली आहे, फक्त कपडे घालून. आणि त्याच्याही चारशे वर्षं आधी इंग्लंडमध्ये गरोदर बायकांची पेंटिंग्ज काढून घ्यायची पद्धत होती. मार्कस गिअरार्ट्स नावाच्या चित्रकारानं 1595 च्या आसपास काढलेलं एक चित्र लंडनच्या टेट म्युझियमकडं आहे, मोत्यांनी मढलेला झगा घातलेली बाई, हात पोटावर, आणि ती कोण हे आज कुणालाच माहिती नाही. त्या काळात बाळंतपणातून बाई परत येईलच याची खात्री नसायची, म्हणून आधीच चित्र काढून ठेवायचे असं अभ्यासक म्हणतात. हे वाचल्यावर मला ते चित्र नुसतं सुंदर बिंदर वाटेनासं झालं.

असो. माझ्या स्वतःच्या वेळेला मी काय केलं ते सांगते, कारण विचारतात बऱ्याच जणी.

जागा एकच ठरवायची आणि मग तिथून हलायचं नाही. आमच्या मधल्या खोलीला उत्तरेकडं खिडकी आहे, तिथं ऊन थेट येत नाही, दिवसभर तसाच पसरलेला मऊ उजेड असतो, त्यामुळं सकाळी दहाला काढा नाहीतर दुपारी तीनला, फार फरक पडत नाही. ज्यांची खिडकी पूर्वेची किंवा पश्चिमेची आहे त्यांनी ऊन सरकल्यावर काढा, नाहीतर खिडकीला पांढरं पातळ धोतर किंवा चादर लावा. उजेड बाजूनं आला पाहिजे, समोरून नको. बाजूनं आला की पोटाच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली, आणि त्या दोन्हीच्या मधे जो हळूहळू उतार असतो ना त्यातूनच गोलाई दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट, सहावा महिना चौथ्यासारखा दिसतो. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर थर्माकोलचा पांढरा शीट उभा करा, दुकानात स्वस्तात मिळतो, विकतच्या रिफ्लेक्टरचं काम करतो. आणि ट्यूब बंद करा बाई. खिडकीचा उजेड आणि घरातला बल्ब एकत्र आला की अर्धं तोंड निळं आणि अर्धं पिवळं, मग एडिटिंगला बसून रडायचं.

फरशीवर दोन खुणा करायच्या, एक पाय ठेवायची आणि एक ट्रायपॉडची. मी आधी चिकटपट्टी लावली होती पण फरशी पुसणाऱ्या मावशींना ती कचरा वाटायची आणि त्या इमानदारीत उचकटून टाकायच्या, शेवटी नेलपॉलिशचे ठिपके दिले, ते अजून आहेत. ट्रायपॉड नसेल तर स्टूल आणि त्यावर पुस्तकं, पण उंची दरवेळी तीच. नवऱ्याच्या हातात कॅमेरा दिला तर तो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढतो, माझा नवरा सहा फुटी आहे, वरून काढल्यावर डोकं मोठं, पाय आखूड आणि पोट चपटं येतं. कॅमेरा छातीच्या खाली, पोटाच्या जरा वर एवढ्या उंचीवर पाहिजे. फोनवर काढत असाल तर जवळ जाऊन काढू नका, फोनची साधी लेन्स वाईड असते, जे तिच्या जवळ असतं ते फुगवून दाखवते. दोन पावलं मागं जाऊन टू एक्स झूमवर काढा. कॅमेरा फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा असेल तर 50 एमएमच्या लेन्सनं उभी आकृती मावायला साधारण तीन मीटर जागा लागते, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरचा असेल तर चार-सव्वाचार, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दारातून बाहेर पॅसेजमध्ये उभं राहूनच काढावा लागतो आणि शेजारच्या वहिनी विचारतात काय चाललंय.

कपडे अंगासरशी आणि एका रंगाचे. मोठ्या प्रिंटमध्ये पोट हरवतं. गडद भिंतीसमोर काळा घातला तर पोटाची कडच दिसत नाही. मी एक मोरपंखी रंगाचा ताणला जाणारा ड्रेस घेतला होता आणि प्रत्येक महिन्याला तोच, नवव्यात तो एवढा ताणला की शिवण आवाज करायला लागली. साडीत काढायचे असतील तर डावी बाजू कॅमेऱ्याकडं करा, कारण आपल्या नेहमीच्या नेसण्यात पदर उजव्या कमरेवरून वर डाव्या खांद्यावर जातो, उजवीकडून सगळं झाकलेलं असतं आणि डावीकडून पोटाची रेष मोकळी दिसते. नऊवारीत वेगळंच प्रकरण आहे, ते परत कधीतरी.

आणि दरवेळी तीन फोटो. एक बाजूनं उभा, एक समोरून, आणि एक नुसत्या चेहऱ्याचा. या तिसऱ्यासाठीच मी एवढं सगळं लिहितेय खरंतर. पोट सगळ्यांचं वाढतं. चेहरा जे सांगतो ते प्रत्येकीचं वेगळं असतं.

माझा तिसऱ्या महिन्यातला बाजूचा फोटो बघितला तर काहीही नाही. साहजिक आहे, बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं, पहिल्या खेपेला तर चौथा उलटून गेला तरी बाहेरच्याला कळत नाही. पण चेहरा बघा. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, केस कसेतरी क्लचरमध्ये कोंबलेले, आणि उजव्या मुठीत आवळासुपारीची पुडी, जी फोटो काढताना पण मी खाली ठेवली नव्हती. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तरी कोरड्या उलट्या येत होत्या, वरणाचा वास सहन होत नव्हता. आत्ता मला कुणी विचारलं की पहिले तीन महिने कसे गेले तर मी सहज म्हणेन, ठीक गेले. फोटो म्हणतो, नाही.

विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं. तिथून पुढं डॉक्टर तपासायला गेल्यावर टेपनं मोजतात ना, ओटीपोटाच्या हाडापासून वरपर्यंत, तर साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर भरतात. एकाच खुणेवर उभं राहून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले की तेच डोळ्यांनी दिसतं, पोटाचा उंच भाग दर महिन्याला जिना चढल्यासारखा वर वर जातो. मला त्यातला पाचव्यातला चेहऱ्याचा फोटो आठवतो. नुकतीच बाळाची हालचाल कळायला लागली होती, आणि त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडंही बघत नाहीये आणि पोटाकडंही नाही, कुठंतरी मधेच, शेजारच्या घरात काहीतरी वाजतंय आणि ते ऐकतीय असा चेहरा. नवरा म्हणाला हा खराब आलाय, परत काढू. मी म्हटलं हात लावू नकोस त्याला.

सातव्या-आठव्यात मग शरीराचा सगळा हिशोबच बदलतो. कंबर पुढं, खांदे मागं, पाय फाकवून उभं राहणं, आपल्याला वाटतं आपण सरळ उभे आहोत आणि फोटोत पाठीची कमान झालेली असते. गालावर वांग आलेला, मान काळवंडलेली, बेंबीखाली ती काळी रेघ. हातात हिरवा चुडा, पण अंगठी नाही, बोटं सुजली म्हणून ती गळ्यातल्या चेनमध्ये ओवलेली. केस मात्र एकदम दाट, त्या काळात गळतातच कमी, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की मग सगळे एकदम उशीवर येतात. छत्तिसाव्या आठवड्याला पोट बरगड्यांना टेकतं आणि त्याच्यानंतर पहिलटकरणीचं बऱ्याचदा खाली उतरतं. माझ्या शेवटच्या फोटोत पोट आधीच्या फोटोपेक्षा चक्क खाली आहे. आजी असती तर बघूनच म्हणाली असती, उतरलंय गं, बॅग भरून ठेव. त्या फोटोत माझं नाक सुजून बटाटा झालंय आणि पायात नवऱ्याच्या स्लीपर आहेत कारण माझ्या चपलांत पाय जात नव्हते. अख्ख्या सिरीजमधला माझा सगळ्यात लाडका फोटो तो.

आता येतो दृष्टीचा विषय. सासूबाईंचा फोटोला विरोधच होता. त्यांचं म्हणणं, तिसरा महिना म्हणजे आपण अजून चोरओटी भरतो, बाहेर कुणाला सांगत नाही, आणि तू कॅमेरा लावून बसलीस. मी वाद घातला नाही, कारण त्यांच्या वेळेला त्यांनी काय काय बघितलंय ते मला थोडंफार माहिती आहे. मग त्यांनीच मार्ग काढला, काढायचे तर तीट लावून काढायचे. त्यामुळं माझ्या प्रत्येक फोटोत उजव्या कानाच्या खाली काजळाचा एक ठिपका आहे. गंमत म्हणजे स्टुडिओतल्या एडिटिंगच्या पोरानं पहिल्या लॉटमध्ये ते सगळे ठिपके डाग समजून एकदम स्वच्छ पुसून दिले होते. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, तीट कुठाय? परत ओरिजिनल काढून द्यावे लागले. तेव्हापासून मॅटर्निटीच्या फोटोत चेहऱ्यावरचं काही पुसायचं झालं तर आधी विचारायचं असा आमच्याकडं नियम आहे. वांग ठेवायचा का, स्ट्रेच मार्क ठेवायचे का, हे तिनं सांगायचं, पोरानं नाही आणि तिच्या नवऱ्यानं तर नाहीच. बहुतेक जणी पुसा म्हणतात. काही जणी ठेवा म्हणतात. मागं एकीनं एकाच फोटोच्या दोन्ही कॉप्या नेल्या, एक स्टेटसला ठेवायला आणि एक घरात.

आणि लवकर का चालू करायचं याचं अजून एक कारण आहे, ते सांगू का नको असं झालं होतं, पण तिला विचारलं आणि ती लिही म्हणाली. माझ्या एका क्लायंटनं तिसऱ्यात चालू केलं होतं. चौथा संपता संपता तिचं बाळ राहिलं नाही. मी फोन केला नाही, काय बोलणार. बऱ्याच दिवसांनी तिचाच फोन आला, आवाज एकदम कामापुरता, "ताई, माझे फोटो डिलीट केलेत का?" नाही म्हटलं. "मग प्रिंट काढून ठेवा, लहान, पाकिटात बसतील असे." तिचा नवरा येऊन घेऊन गेला, पैसे द्यायला लागला, मी घेतले, कारण नाही घेतले असते तर त्याला तिथं उभं राहून काहीतरी बोलावं लागलं असतं. त्या फोटोंत बघितलं तर पोट नाहीच आहे. एक साधी पिवळ्या कुर्त्यातली बाई खिडकीशी उभी आहे, एवढंच. पण ती आई होती त्या दिवसांचा तेवढाच पुरावा तिच्याकडं आहे. काय होईल माहीत नाही म्हणून लोक फोटो काढत नाहीत. मी आता त्याच कारणासाठी काढा म्हणते.

डोहाळजेवणाच्या शूटमधली एक गोष्ट मात्र मला दरवेळी खुपते. पेढा की बर्फी. दोन वाट्या झाकून ठेवतात, ती एक उघडते, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ आहे, हसायचं आणि सोडून द्यायचं. पण मी त्या क्षणाला कॅमेरा तिच्यावर न ठेवता आजूबाजूच्या घोळक्यावर ठेवते, आणि बर्फी निघाली की एखाद्या चेहऱ्यावर जे येतं, अर्धा सेकंद, टाळ्या वाजायच्या आधी, ते बर्स्ट मोडमध्ये, म्हणजे एका दमात धडाधड फोटो काढताना, बरोब्बर सापडतं. पेढ्याला तो अर्धा सेकंद नसतो. असे फ्रेम मी अल्बममध्ये देत नाही. तिला ते परत परत बघायला कशाला लावायचं.

यातलंच पुढचं म्हणजे निळा धूर, गुलाबी धूर. रील बघून येतात, "ताई, आपण पण जेंडर रिव्हील करूया का?" नाही करू शकत. आपल्याकडं बाळाचं लिंग आधी सांगणं, विचारणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं तर 1988 मध्येच यावर कायदा केला होता, देशाचा 1994 ला आला आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर त्या गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणतो. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये बोर्ड लावलेला असतो, तो वाचत कुणी नाही. धूरच उडवायचा असेल तर हिरवा उडवा, पिवळा उडवा, हळदीच्या गावात राहतो आपण.

शूटच्या वेळी काय जपायचं ते पण सांगून टाकते, कारण पोजच्या नादात फोटोग्राफर लोक काहीही करायला लावतात. पाठीवर सपाट झोपवून वरून फोटो काढायची फार फॅशन आहे, फुलं बिलं पसरून. शेवटच्या महिन्यांत पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बाईला चक्कर येते, घाम फुटतो. डाव्या कुशीवर झोपवा, त्यातही सुंदर फोटो येतो. सांधे त्या दिवसांत सैल झालेले असतात आणि तोल पुढं गेलेला असतो, त्यामुळं घाटाच्या ओल्या पायऱ्या, खडक, धबधबा, उंच टाचा, सगळं नको. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीस पार जातं, सकाळी नऊच्या आत उरका नाहीतर घरातच काढा. पाणी जवळ पाहिजे, खायला काहीतरी पाहिजे, बाथरूम जवळ पाहिजे, हे शेवटचं आउटडोअरवाले हमखास विसरतात. आणि तोंड-हात अचानक सुजलेत, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय असं ती म्हणाली तर कॅमेरा बॅगेत घाला आणि तिला बीपी बघायला पाठवा, त्याच दिवशी, फोटो नंतर.

बाळ झाल्यावर थांबू नका एवढं मात्र ऐका. एक फोटो बाळंतपणानंतर आठवडाभरात, त्याच खुणेवर. मला कुणीच सांगितलं नव्हतं की बाळ बाहेर आलं तरी पोट लगेच जात नाही, पाच-सहा महिन्यांची असल्यासारखं दिसतं, गर्भाशय मूळच्या मापावर यायला सहाएक आठवडे जातात. तो फोटो काढताना सासूबाई पोट बांधायची मऊ सुती साडी हातात घेऊन मागं उभ्याच होत्या, लवकर आवर म्हणत, आणि त्या पण फ्रेममध्ये आल्यात, अर्ध्या. खोलीत शेगडी, धुरी, कोपऱ्यात अळिवाच्या लाडवांचा डबा, आणि मी डोळ्यांखाली काळं घेऊन उभी, कडेवर कुणी नाही कारण बाळ झोपलेलं. हा फोटो मी क्लायंटला दाखवते तेव्हा ज्यांना एक मूल झालेलं आहे त्या हसतात, आणि ज्यांचं पहिलं आहे त्या नुसत्या बघत राहतात.

फाईलींना नावं महिन्यांनी देऊ नका, आठवड्यांनी द्या. महिन्यांचा हिशोब घरात प्रत्येकाचा वेगळा असतो, सासूचा सातवा चालू असतो तेव्हा आईचा सातवा संपलेला असतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आठवडे लिहिलेले असतात, तेच घ्या, 12, 16, 20, असे. आणि प्रिंट काढा, 4 बाय 6 चे, मॅट. लग्नात करतात तसला जाड पानांचा मोठा करिझ्मा अल्बम करायची गरज नाही, त्यात डिझायनर मागं ढग आणि फुलपाखरं टाकतोच टाकतो, कितीही सांगा.

परवा नणंदेचा पहिला काढला. माहेरी आलीय, नववा का दहावा आठवडा चालू आहे, उभं राहिलं की गरगरतंय म्हणाली आणि मला दोन शिव्या पण घातल्या. मग खुर्ची आणून ठिपक्यावर ठेवली आणि बसवूनच काढला. आता पुढचे सगळे खुर्चीतच बसवून काढावे लागणार, म्हणजे कॅमेऱ्याची उंची पण कमी करायला पाहिजे, स्टूल चालणार नाही, पाट बघते कुठला तरी. तीट सासूबाईंनी आधीच लावली होती.